‘नुसती सही कर, ताई’ : सामाईक मिळकतीचा हिशेब

वडील गेल्यावर जमीन आणि घर आई-भावंडांच्या सामाईक नावावर येते. थोड्याच दिवसांत बहिणीपुढे कागद ठेवला जातो : ‘नुसती सही कर, ताई, नावं लावायची आहेत.’ हे खरे नाही. तो कागद बहुधा हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला हिस्सा सोडून देण्याचा असतो; वारसनोंदीला मात्र कुणाचीही हक्कसोड लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा. कायद्याने मुदत तीन महिन्यांची. फेरफाराला सरकारी फी नाही, डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला 15 रुपये. कुणी हजारो मागत असेल तर पावती मागा.

सही करण्याआधी हिस्सा किती ते समजून घ्या. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, मुलगे, मुली यांचा हिस्सा सारखा. वडिलांची आई हयात असेल तर तीही त्यात येते. तिला हमखास विसरतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क. त्यासाठी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. लग्न झाले म्हणून हा हक्क जात नाही.

फ्लॅटबाबत दोन गैरसमज फार महागात पडतात. पती-पत्नीच्या नावावरचा फ्लॅट एक गेल्यावर आपोआप दुसऱ्याचा होत नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या सगळ्या वारसांकडे जातो. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनीने वारसांच्या वतीने फ्लॅट सांभाळायचा असतो.

आता महाराष्ट्रातला खर्च. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भावंड, आई किंवा मुलांसाठी मोबदला न घेता सोडला, तर हक्कसोडपत्राला मुद्रांक 500 रुपये (ऑक्टोबर 2024 पूर्वी 200). नोंदणी करावीच लागते, तिचे शुल्क वेगळे. वडिलांनी स्वतः घेतलेल्या फ्लॅटला हाच दर लागेल का, हे दुय्यम निबंधकाकडे आधी विचारा. मोबदला घेतला की मुद्रांक बाजारभावावर. भावाला तोच हिस्सा बक्षीसपत्राने दिला, तर मूळ दरच 3 टक्के : 30 लाखांच्या हिश्श्यावर 90 हजार. मुला-मुलीला राहते घर किंवा शेती बक्षीस देताना मात्र मुद्रांक 200 रुपये. म्हणून कागद कोणता करायचा हे दर पाहून ठरवा.

पण स्वस्त म्हणून हक्कसोड करू नका. एकदा नोंदवलेली हक्कसोड मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. हिस्सा हवा असेल तर वाटणी मागा. सगळे राजी असतील, तर शेतजमिनीची वाटणी महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होते. मुद्रांक 100 रुपये, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. मोजणीची फी आधी विचारून घ्या. एकानेही नकार दिला तर दिवाणी दावा. वकिलाची फी टप्प्याटप्प्याने, लेखी ठरवून घ्या. वारसाने मिळालेला हिस्सा कुणी विकायला काढला, तर तो घेण्याचा पहिला हक्क सहवारसांचा असतो.

सर्वांत जास्त काळजी आईच्या सहीची वाटते. मुलांच्या भल्यासाठी ती हिस्सा देऊन टाकते आणि त्याच घरात परावलंबी होते. द्यायचाच असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येते. त्याहून सुरक्षित म्हणजे मृत्युपत्र : मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक, केलीच तर फी 100 रुपये, आणि आई हयात असेपर्यंत ते कधीही बदलू शकते.