आठ कलांचा फरक

पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाचे मनातल्या मनात चार भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे सुमारे ८ कला. (६० कलांचा १ अंश होतो.) मंगळाची कक्षा वर्तुळ मानून केप्लरने काही वर्षे गणित केले. टायको ब्राहेच्या वेधांशी ते बहुतेक जुळले. पण काही ठिकाणी ८ कलांचा फरक राहिला! तुम्ही प्रयोगवहीत काय केले असते? खरे सांगा हं. आकडे हळूच जुळवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. टायकोचे वेध दुर्बिणीशिवाय घेतलेले, तरी ते इतके चुकणार नाहीत, याची केप्लरला खात्री होती. म्हणून त्याने वेध ठेवले, गणित टाकले आणि पुन्हा आरंभ केला. १६०९ साली त्याचा ग्रंथ निघाला, त्यात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार होती आणि सूर्य तिच्या एका नाभीत होता.