कार्नीचे फुटबॉलवेडे

अशी कल्पना करा की तुमच्या वर्गात पन्नास मुले आहेत आणि त्यांतली एकोणपन्नास क्रिकेटची वेडी आहेत. पन्नासावे तुम्ही. तुम्हांला फुटबॉल आवडतो. मधल्या सुट्टीत सगळे धावांबद्दल आणि बळींबद्दल बोलतात. तुम्ही काल पाहिलेला सामना दुसऱ्या कोणी पाहिलेलाच नसतो. वर्तमानपत्रात तुमच्या खेळाची बातमी शोधावी लागते. सापडली, तर कोपऱ्यात दोन ओळी! अमेरिकेत फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या माणसांनी असे एकटेपण वर्षानुवर्षे सोसले आहे. तेथे क्रिकेटच्या जागी दुसरे खेळ होते, एवढाच फरक.

आधी नावाचा घोटाळा दूर करू. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळाच खेळ येतो. त्यात चेंडू लांबट असतो, खेळाडू तो हातात धरून पळतात आणि डोक्यावर शिरस्त्राण घालतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. हा शब्द अमेरिकनांनी काढला, असे पुष्कळांना वाटते; पण तो मूळचा इंग्लंडचा आहे. ‘असोसिएशन फुटबॉल’ या लांबलचक नावातला ‘सॉक’ एवढाच तुकडा उचलून तेथल्या विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तयार केला. आपण मात्र या पाठात आपला फुटबॉल हाच शब्द वापरू.

आता नकाशात न्यूयॉर्क शहर शोधा. त्याच्या पश्चिमेला न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. तेथे पसेइक नदीच्या काठी कार्नी हे छोटे शहर वसले आहे. स्कॉटलंडमधील पेझली गावच्या क्लार्क कंपनीने एकोणिसाव्या शतकात या नदीकाठी शिवणाच्या दोऱ्याच्या गिरण्या उभारल्या. गिरण्यांबरोबर स्कॉटलंडचे कामगार आले आणि कामगारांबरोबर त्यांचा खेळ आला. तुमच्यापैकी जे मालेगाव किंवा भिवंडीत राहतात, त्यांना यंत्रमागांचा खडखडाट ओळखीचा आहे. सुताच्या गावात दिवसभर राबणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी मोकळे मैदान किती हवेसे वाटते, हे त्यांना वेगळे सांगायला नको. क्लार्क कंपनीच्या दोऱ्याचे नाव ‘अवर न्यू थ्रेड’, म्हणजे ‘आमचा नवा दोरा’ असे होते. कामगारांनी आपल्या संघालाही तेच नाव दिले. ओ.एन.टी. या नावाच्या त्या संघाने अमेरिकन चषकाच्या १८८५, १८८६ आणि १८८७ अशा पहिल्या तीनही स्पर्धा जिंकल्या. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातला सामनाही २८ नोव्हेंबर १८८५ रोजी या गिरणीच्या मैदानावर झाला. तो कॅनडाने १-० असा जिंकला.

पुढे त्या भागात पोर्तुगाल, इटली आणि दक्षिण अमेरिकेतून माणसे आली. प्रत्येकाने आपापली भाषा आणली, आपापले जेवण आणले. फुटबॉल मात्र सर्वांचा एकच होता. उरलेल्या अमेरिकेला या खेळाची फारशी फिकीर नव्हती. गंमत म्हणजे, मोठा विजय मिळाला तरी ती वाटत नसे. १९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. (भारताचा संघही तिला पात्र ठरला होता, पण तो गेला नाही.) तेथे २९ जून रोजी अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला १-० असे हरवले. गोल करणारा जो गेटजेन्स मूळचा हैतीचा. तो न्यूयॉर्कमध्ये शिकत होता आणि एका उपाहारगृहात बशा धूत होता. गोलरक्षक फ्रँक बोर्गी शववाहिका चालवत असे. हा पराक्रम पाहायला अमेरिकेचा एकच पत्रकार हजर होता. त्याचे नाव डेंट मॅकस्किमिंग. वर्तमानपत्राने त्याला पाठवले नव्हते. त्याने रजा काढली आणि पदरचे पैसे खर्चून तो ब्राझीलला गेला! मला तर त्या सामन्याचा खरा नायक गेटजेन्सइतकाच हा पत्रकार वाटतो.

आता समजा, तुमचा जन्म १९६५ साली कार्नीत झाला आहे. शेजारच्या मुलांबरोबर तुम्ही चेंडू लाथाडायला शिकलात. तुम्ही दहा वर्षांचे झालात आणि एक नवल घडले. जगातला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात दाखल झाला! १५ जून १९७५ रोजी तो पहिला सामना खेळला. मैदान इतके खराब होते, की टक्कल पडलेल्या जागांवर हिरवा रंग फवारला होता. सामन्यानंतर पेलेने आपले हिरवे पाय पाहिले आणि आपल्याला बुरशीचा रोग जडला, असे त्याला वाटले, अशी गोष्ट सांगतात.

दोन वर्षांत चित्र पालटले. कॉसमॉसचे सामने कार्नीपासून काही मैलांवर असलेल्या जायंट्स स्टेडियममध्ये होऊ लागले. जर्मनीचा बेकेनबाउअर, ब्राझीलचा कार्लोस आल्बेर्तो असे मोठे खेळाडू त्या संघात आले. १४ ऑगस्ट १९७७ रोजी तेथे ७७,६९१ प्रेक्षक जमले. वर्गातले ते एकोणपन्नास जणही आता तुमच्याकडे येऊन नियम विचारू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात कॉसमॉस संघ कलकत्त्याला आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानने त्याला २-२ असे बरोबरीत रोखले. नंतर आठवड्याभरातच, १ ऑक्टोबरला, पेले जायंट्स स्टेडियमवर निरोपाचा सामना खेळला. समोर त्याचा जुना सँटोस संघ होता. अर्धा सामना तो कॉसमॉसकडून खेळला आणि अर्धा सँटोसकडून.

हे वैभव टिकले नाही. का टिकले नाही? यशाने हुरळून जाऊन संघ भराभर वाढवले गेले. १९७८ साली त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकाला पेलेसारखा पाहुणा हवा होता. पण कॉसमॉसएवढे प्रेक्षक इतरांकडे येत नव्हते. दूरदर्शनवाल्यांनीही पाठ फिरवली. पाहुण्यांवर पैसा उधळताना घरची मुले तयार करायचे राहून गेले, असे माझे मत आहे. १९८४ चा हंगाम कसाबसा नऊ संघांनी पार पाडला आणि १९८५ साली ती लीग बंद पडली.

आता तुम्ही वीस वर्षांचे आहात. तुमचे वेड तसेच आहे; पण ज्याच्यासाठी ओरडावे, असा संघच उरला नाही. हरलेल्या संघासाठी रडता येते. नसलेल्या संघासाठी काय करायचे?

अशा वेळी चाहते मिळेल ते पाहत. स्पॅनिश भाषेच्या वाहिन्यांवर सामने दाखवत. ज्यांना स्पॅनिशचे अक्षर कळत नव्हते, तेही त्या लावून बसत. आंद्रेस कांतोर हा समालोचक गोल झाला, की एका श्वासात ‘गोऽऽऽऽल’ अशी लांब आरोळी ठोकत असे. ती समजायला शब्दकोश लागत नसे. ‘चेंडू’, ‘खेळाडू’, ‘मैदान’ हे स्पॅनिश शब्द पुष्कळांना अशा रीतीने आपोआप येऊ लागले. तुम्हीही नवी भाषा शिकत आहात. हा उपाय तुम्हांलाही करून पाहता येईल. रेडिओवर मराठीतून सामन्याचे वर्णन लागले, तर जरूर ऐका.

लीग मेली, पण कार्नीतला खेळ मेला नव्हता. त्याच गल्ल्यांत तीन मुले मोठी झाली होती. जॉन हार्क्सचे वडील स्कॉटलंडचे होते. टोनी मिओलाचे आईवडील इटलीचे. ताब रामोस लहानपणी उरुग्वेहून आला होता. तिघांची घरे तीन देशांतली. पण संघ एक. १९ नोव्हेंबर १९८९ रोजी हे तिघेही अमेरिकेच्या संघातून त्रिनिदादमध्ये उतरले. विश्वचषक गाठायला त्रिनिदादला बरोबरी पुरेशी होती, अमेरिकेला विजयच हवा होता. स्टेडियम यजमानांच्या लाल रंगाने भरून गेले होते. रामोसने चेंडू पॉल कॅलिजुरीकडे दिला. कॅलिजुरीने दुरूनच डाव्या पायाने तो उंच मारला आणि गोल झाला. गोल वाचवायला मागे मिओला होता. त्याने शेवटपर्यंत एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. चाळीस वर्षांनी अमेरिका विश्वचषकाला पात्र ठरली. १९९० साली इटलीत मात्र तिने तीनही सामने गमावले.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेतच भरला. या लोकांना फुटबॉलमधले काय कळते, म्हणून युरोपात टीका झाली होती. प्रत्यक्षात ५२ सामन्यांना सुमारे ३५ लाख प्रेक्षक आले. मिशिगन राज्यातील एका स्टेडियमला छत होते आणि आत गवत उगवत नव्हते. तेव्हा तेथल्या विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी षट्कोनी तबकांत गवत वाढवून ते तुकडे आत आणून जोडले. तुमच्या जायंट्स स्टेडियमलाही सात सामने मिळाले. ज्या खेळाच्या बातमीसाठी तुम्ही वर्तमानपत्राचा कोपरा धुंडाळत होता, तो सगळ्या जगाला घेऊन तुमच्या दाराशी आला होता. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, यजमानांची गाठ ब्राझीलशी पडली. ब्राझीलच्या लिओनार्दोचे कोपर रामोसच्या डोक्यावर आदळले. कवटीला तडा गेला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. लिओनार्दोला मैदानाबाहेर काढले गेले, तरी ब्राझीलने उरलेल्या दहा खेळाडूंनिशी १-० असा विजय मिळवला. पुढे विश्वचषकही त्यांनीच नेला.

रामोस बरा झाला. १९९६ साली मेजर लीग सॉकर ही नवी लीग सुरू झाली, तेव्हा न्यू जर्सीच्या मेट्रोस्टार्स संघात रामोस होता, मिओला होता. अकरा वर्षांनी तुम्हांला पुन्हा आपला म्हणावा असा संघ मिळाला. २० एप्रिलला घरच्या मैदानावर पहिला सामना झाला. शेहेचाळीस हजारांवर लोक आले. सामना ०-० वर संपणार, एवढ्यात प्रतिपक्षाचा चेंडू अडवताना मेट्रोस्टार्सच्याच निकोला कारिकोलाने तो स्वतःच्या गोलात मारला! हा खेळाडू इटलीहून मुद्दाम आणला होता. आणि त्या वर्षीचा पहिला चषक कोणी जिंकला? वॉशिंग्टनच्या डी.सी. युनायटेड संघाने. त्याचा कर्णधार होता कार्नीचा जॉन हार्क्स. आपल्या गावचा मुलगा जिंकला म्हणून हसावे, की आपला संघ मागे पडला म्हणून रडावे, हे गावाला कळेना.

मुलींनो, तुमच्यासाठी एक आकडा राखून ठेवला आहे. १९ जून १९९९ रोजी जायंट्स स्टेडियममध्ये महिलांच्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला. अमेरिकेने डेन्मार्कला ३-० असे हरवले. प्रेक्षक होते ७८,९७२. वर दिलेली कॉसमॉसची संख्या पुन्हा एकदा पाहा. अंतिम सामना कॅलिफोर्नियात चीनविरुद्ध झाला. तो ९०,१८५ लोकांनी पाहिला आणि अमेरिकेच्या मुलींनी पेनल्टीवर चषक जिंकला. पुरुषांच्या संघाला हे कधी जमलेले नाही.

मेट्रोस्टार्सचे नाव २००६ साली रेड बुल्स झाले. २०१० साली या संघाने कार्नीजवळच्या हॅरिसन गावात, त्याच पसेइक नदीकाठी, फक्त फुटबॉलसाठी स्टेडियम बांधले. ओ.एन.टी.ची गिरणी तेथून दूर नव्हती. उद्घाटनाच्या सामन्याला पेलेचा सँटोस संघ बोलावला होता. त्याआधी २००८ साली तुमचा संघ अंतिम फेरीत जाऊन हरला होता. पुन्हा तेथे पोहोचायला त्याला सोळा वर्षे लागली. ७ डिसेंबर २०२४ रोजी लॉस एंजेलिसच्या संघाशी त्याचा अंतिम सामना झाला. तुम्ही आता एकोणसाठ वर्षांचे आहात. रामोस आणि हार्क्स कधीच निवृत्त झाले आहेत. तुमच्या संघाने २-१ अशी हार खाल्ली. कॅलिफोर्नियात अजून ऊन होते. न्यू जर्सीत मात्र हिवाळ्याचा अंधार पडला होता. पुढचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होणार होता.

स्वाध्याय

१. कार्नी परिसरात फुटबॉल कोणी आणला? कसा?
२. डेंट मॅकस्किमिंग ब्राझीलला कोणत्या परिस्थितीत गेला?
३. १९८५ साली लीग बंद पडण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरवणे, हुरळून जाणे, पदरचे पैसे खर्चणे.
५. तुमच्या गावात कोणता खेळ बाहेरून आला आणि रुजला? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व दहा ओळी लिहा.