पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू होईना

प्रश्न : पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही आणि इंजिनाचा दिवा लागतो. दोष कोठे असावा?

उत्तर : टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत न सोडता सक्रिय कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवली जाते आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडल्यावर इंजिन ती ओढून जाळते. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर टाकी भरताना ढकलली गेलेली वाफ इंजिनात शिरते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण नको तितके वाढते. थंड इंजिन संथ गतीवर चालू असताना कॅनिस्टरकडील नळी काढून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवल्यास बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्हच सदोष असतो. स्कॅनरवरील पी०४४१ हा संकेत केवळ वाफेचा प्रवाह चुकल्याचे सांगतो, भाग बदलण्याचा तो आदेश नव्हे. पंपाचे नॉझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरू नये, कारण त्याने कोळसा भिजून कॅनिस्टर निकामी होऊ शकतो.