पत्राखालची गोपनीयतेची ओळ कोणास बांधते?

आमच्या बेगम बाजारातील पुष्कळ पेढ्यांवरून आता भावपत्रके, मागणीपत्रे व भरण्याचे हिशेब ई-मेलने जातात. त्या पत्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक इंग्रजी मजकूर असतो. हे पत्र गोपनीय आहे, ज्याच्या नावे आहे त्यानेच वाचावे, चुकून दुसऱ्याच्या हाती गेल्यास त्याने ते नष्ट करावे, अन्यथा कायदेशीर इलाज केला जाईल, असा त्याचा आशय. हा मजकूर कोठून आला हे पेढीच्या मालकास बहुधा ठाऊक नसते. संगणक बसवून देणाऱ्या मुलाने तो चिकटविलेला असतो. आमच्या पेढीवरही तसेच झाले होते, आणि त्या मजकुरावर आमचा फार भरवसा होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मुनिमांनी तुरीच्या खरेदीचे भाव लातूरच्या दलालास कळविण्याऐवजी, नावे सारखी असल्यामुळे, येथीलच एका ग्राहकास कळविले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ छापील कागद घेऊन गादीवर येऊन बसले आणि आमचीच खरेदी आमच्यापुढे ठेवून भाव मागू लागले. आम्ही तळाच्या मजकुराकडे बोट दाखविले. ते हसून म्हणाले, "शेठजी, ही ओळ वाचली तेव्हा वरचे सगळे वाचून झाले होते." १५० क्विंटलांवर क्विंटलमागे ४० रुपये सोडावे लागले. रक्कम मोठी नव्हे. परंतु त्या बोलण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते, हे मनास लागले. पुढे परिचित वकिलांपाशी बसून व काही निवाडे समजावून घेऊन जे ध्यानात आले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याची मागणी साधी आहे: एकाने प्रस्ताव ठेवावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, आणि त्यात काही मोबदला असावा. पत्राखालची ओळ हा फार तर प्रस्ताव होय. ज्याच्या हाती ती पडली त्याने 'मान्य' म्हटलेले नाही व त्यास मोबदलाही मिळालेला नाही. तो गप्प राहिला म्हणून बांधला गेला, असेही नाही. इंग्लंडात १८६२ साली एका चुलत्याने पुतण्यास लिहिले की, तुझ्याकडून उत्तर न आल्यास घोडा मी घेतला असे समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. न्यायालयाने सांगितले की, मौनाने सौदा होत नाही. पुतण्याच्या मनात घोडा देण्याचे होते, तरीही.

आपल्याकडील उदाहरण खामगावचे आहे. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या एका जिनिंग व तेल गिरणीशी सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर केला. माल मिळाला नाही, आणि दावा कोठे चालावा यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६५ साली न्यायालयाने बहुमताने ठरविले की, खामगावचा होकार अहमदाबादेस ऐकू आला, सबब सौदा अहमदाबादेस झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत निराळे पडले. टपालाने होणाऱ्या सौद्याचा नियमही निराळा आहे. परंतु होकार कोठे व केव्हा पुरा झाला एवढाच तो वाद. होकार हवाच, याविषयी वाद नव्हता.

येथे कोणी म्हणेल की, आपण बिलावर 'भूलचूक देणेघेणे' छापतो, ते मग कसे चालते? ते चालते याचे कारण दोन्ही पक्षांस तो रिवाज आधीपासून ठाऊक असतो, आणि बेरजेतील चूक दुरुस्त करण्यास कोणी प्रामाणिक व्यापारी नाही म्हणत नाही. छापील शाईचे ते सामर्थ्य नव्हे.

याचा अर्थ गुपितास संरक्षणच नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. करार नसतानाही विश्वासाने दिलेली माहिती न्यायालये राखतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली दूरचित्रवाणी मालिकेच्या एका कल्पनेविषयी असाच निर्णय दिला. कल्पना विश्वासाने सांगितली होती, सबब ज्या वाहिनीस ती सांगितली तिला ती परस्पर वापरण्यास मनाई झाली. माहिती खरोखर गुप्त हवी, ती विश्वासाच्या परिस्थितीत दिलेली हवी, आणि तिचा परवानगीवाचून वापर व्हावा, या तीन गोष्टी पाहतात. इंग्लंडचे लॉर्ड गॉफ यांनी १९८८ साली एक दाखला दिला होता: उघड उघड गोपनीय असा कागद विजेच्या पंख्याच्या वाऱ्याने खिडकीतून गर्दीच्या रस्त्यावर पडला, तर उचलणाऱ्यावरही बंधन येऊ शकते, कारण कागद कसला हे त्यास दिसते. आमच्या गल्लीत असे कागद रोज उडतात!

मग आमच्या ग्राहकावर दावा चालला असता काय? पत्राच्या आरंभी लातूरच्या दलालाचे नाव होते, म्हणून ते आपले नव्हे हे त्यास कळले होते, एवढा मुद्दा आमच्या बाजूने होता. परंतु ज्या भावाची कुणकुण बाजारातील निम्म्या दलालांस असते, तो गुप्त कसा म्हणावा? शिवाय तीच ओळ आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांखालीही पाठविली होती. जी सूचना सर्वत्र लावलेली असते, तिच्याने कोणास सावध व्हावे? वकिलांनी अशिलाच्या पत्रावर ती घालणे निराळे. तेथे गुप्तता आधीपासून कायद्यानेच दिलेली असते व ओळ केवळ जाणीव देते.

काही पेढ्या तळाशी 'या पत्राने कोणताही करार होत नाही' असेही घालतात. त्यावर विसंबू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे केवळ संगणकाद्वारे झाला म्हणून करार बाद होत नाही. आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ई-मेलच्या देवाणघेवाणीनेच पुरा झाला असे ठरविले, सहीचा औपचारिक कागद झालेला नसताना. वर माल, भाव व मुदत पक्की करून खाली 'काही ठरले नाही' म्हणणाऱ्याचे न्यायालय कितपत ऐकेल, हे ज्याने त्याने ताडावे.

आपल्या शास्त्राने हा विषय कायद्याच्या कितीतरी आधी हाताळला आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटा लेख करणे व ठेव बुडविणे यांच्या पंक्तीस रहोभ्याख्यान व साकारमंत्रभेद हेही आहेत. एकांतातील गोष्ट उघड करणे हा एक, आणि चर्येवरून दुसऱ्याची मसलत ओळखून ती फोडणे हा दुसरा. येथे पत्राखालच्या ओळीचा प्रश्नच येत नाही. बंधन ऐकणाऱ्याच्या व्रतात आहे. मात्र ज्याने ते व्रत घेतलेले नाही त्याच्यापुढे हे सांगून उपयोग नाही, आणि बाजारात दोन्ही प्रकारचे लोक असतात.

आम्ही ती ओळ आता काढून टाकली आहे. ज्यास खरोखर गुप्त असे काही दाखवावयाचे, त्याच्याकडून आधी अर्ध्या पानाचा कागद सही करून घेतो: कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, आणि पेढीतील कोणी पाहावी. कागद त्यास वाचता येईल अशा भाषेत असतो, मराठीत, हिंदीत किंवा तेलुगूत. हा कागद मागताना पहिल्या खेपेस संकोच वाटला. दोघांनी तो दिला नाही. त्यांस आम्ही आकडे दाखविले नाहीत. नोकरांशी असा लेख करताना, पेढी सोडल्यावर त्याने धान्याचा धंदाच करू नये, असे कलम घालू नये. कलम २७ प्रमाणे धंद्याची अशी मनाई निरर्थक ठरते. गुपित राखण्यापुरतेच मागावे.

ते ग्राहक अजूनही आमच्याकडून तूर नेतात. मुनिमांनी पत्त्यांच्या यादीत त्यांच्या व लातूरच्या दलालाच्या नावापुढे गावाचे नाव जोडले आहे.