दुसरं अकाउंट

नववी-दहावीतली मुलगी इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकते, तेव्हा त्याआधी काय काय घडतं हे बहुतेक आईवडिलांना ठाऊकच नसतं. गणपतीत साडी नेसून काढलेले पंचवीस-तीस फोटो. त्यातले दोन निवडायचे, मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवायचे आणि विचारायचं, ‘टाकू का? कुठला?’ मग फिल्टर, मग गाणं. कॅप्शन लिहायची, खोडायची, परत लिहायची आणि शेवटी नुसतं एक फूल ठेवायचं. आपण फार विचार केला असं कुणाला वाटायला नको. टाकायची वेळसुद्धा ठरलेली, क्लास सुटून सगळ्याजणी घरी पोचल्या की. अर्ध्या तासात म्हणावे तसे लाइक आले नाहीत, तर फोटो गुपचूप अर्काइव्हमध्ये. आपल्याला दिसतं ते एवढंच, की पोरगी तासभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली आहे.

हा टाइमपास नाही. मी कोण, चारचौघांत मी कशी दिसायला हवी, कुणाच्या नजरेत मला भाव हवा, याची ती चाचपणी करते आहे. या वयात आपणही ती केली, फक्त साधनं वेगळी होती. आणि मोठे झाल्यावर आपण ती सोडली असंही नाही. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन, खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे. तेही प्रोफाइलच की! फरक इतकाच, की फ्लेक्स किती जणांना आवडला याचा आकडा त्याच्याखाली लिहिलेला नसतो आणि पंधरा दिवसांनी महापालिका तो उतरवते. निदान उतरवायला हवा. लाइकचा आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामनं 2021 मध्ये दिली खरी, पण वर्गातल्या सगळ्यांचे आकडे दिसत असताना एकटीनंच आपला झाकायचा, तर तोही चर्चेचा विषय होतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही मुलाला किंवा मुलीला फॉलो करत असाल, तर जे अकाउंट तुम्हाला दिसतं ते बहुधा पहिलं. त्यावर सहलीचे फोटो, मेडल, ढोल-ताशा पथकातली रील. दुसरं अकाउंट वेगळ्याच कुठल्यातरी नावानं असतं, त्यावर पंधरा-वीस जण, आणि तिथे वेडीवाकडी तोंडं, सरांची नक्कल, परीक्षेचं रडगाणं. ते सापडलं की घरात आभाळ कोसळतं. ‘आमच्यापासून लपवलं!’ पण जरा विचार करा. आपण ऑफिसात, देवळात आणि मित्रांच्या कट्ट्यावर एकसारखे बोलतो का? आपल्या त्या तिन्ही जागा वेगवेगळ्या असतात. पोरांच्या एकाच प्रोफाइलवर मात्र आत्या, क्लासचे सर, जुन्या शाळेतली मैत्रीण आणि आवडणारा मुलगा असे सगळे एका वेळी हजर असतात. त्यात आत्या प्रत्येक फोटोखाली ‘गोड दिसतेस गं छकुली’ लिहिते. दुसरं अकाउंट नाही उघडायचं तर काय करायचं?

अमेरिकन संशोधक डॅना बॉइड यांनी तिथल्या किशोरवयीन मुलामुलींशी अनेक वर्षं बोलून 2014 मध्ये ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी नोंदवलेला एक किस्सा मला फार बोलका वाटतो. बॉस्टनमधल्या सतरा वर्षांच्या मुलीचं मित्राशी नातं तुटलं. मन मोकळं करायचं होतं, पण फेसबुकवर आई होती. तिनं एका गाण्याच्या ओळी टाकल्या; वरवर पाहता आयुष्याकडे हसत बघा असं सांगणारं गाणं. आईनं आनंदानं कमेंट केली. मैत्रिणींनी मात्र लगेच तिची विचारपूस केली, कारण त्यांना माहीत होतं की ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या सिनेमात ते गाणं क्रूसावर लटकवलेली माणसं म्हणतात. एकच पोस्ट, पण आईनं एक वाचलं आणि मैत्रिणींनी दुसरं. आपल्याकडेही स्टोरीला लावलेलं गाणं कुणासाठी आहे हे वर्गाला कळतं, आपल्याला नाही. मला विचाराल तर त्यात कमीपणा काही नाही. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे हा हट्ट मुलं पंधराची झाली की सोडावा.

काळजी करायच्या जागा वेगळ्या आहेत. मुलांच्या बायोमध्ये ‘केक मर्डर ऑन 12 जानेवारी’ (म्हणजे वाढदिवस), शाळेचं नाव, गावाचं नाव आणि क्लासचा टी-शर्ट घातलेला फोटो असं सगळं एकत्र असतं. तेवढ्या भांडवलावर कुणीही ‘अरे, मी तुझ्या दादाचा मित्र’ म्हणत ओळख काढू शकतो. मुलग्यांच्या बाबतीत दुसरीच गोष्ट. पडद्यावरचा ‘भाई’ खऱ्या पोराला ओढत नेतो. कोयता हातात घेऊन रील केली म्हणून पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या पुण्याला नव्या नाहीत. त्यातल्या कित्येकांना मारामारी करायची नसते, दरारा हवा असतो. तो दरारा दुसऱ्या कशातून मिळेल, कुस्तीतून, पथकातून, गाडीच्या इंजिनातून, हे घरानं शोधायचं असतं. नुसती रील डिलीट करायला लावून ते होत नाही. मुलींकडे उलट. ‘आपल्या घरातल्या मुली फोटो टाकत नाहीत’ असा नियम असलेल्या घरांतून बिनचेहऱ्याची, फुलाच्या नाहीतर बाहुलीच्या डीपीची अकाउंटं निघतात. तिथे काही झालं, तर ती मुलगी सांगणार कुणाला? अकाउंटच मुळात नाही म्हणून सांगितलेलं असतं.

सेटिंगचं थोडक्यात सांगते. इन्स्टाग्रामला वयाची अट 13 वर्षांची आहे. 2024 मध्ये त्यांनी किशोरवयीनांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं, 2025 च्या फेब्रुवारीत ते भारतातही सुरू झालं. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला मुलांना मेसेज करता येत नाही, आणि सोळाच्या आतल्यांना हे नियम सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. देखरेख चालू केली तर गेल्या सात दिवसांत मुलाचं कुणाशी बोलणं झालं ती नावं पालकांना दिसतात, मेसेज वाचता येत नाहीत. कंपनीच्या बाकी कारभाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ही रेघ त्यांनी बरोबर ओढली आहे. अर्थात जन्मसाल खोटं घातलेलं असेल, तर या सगळ्याचा उपयोग शून्य. म्हणून अकाउंट काढताना शेजारी बसा आणि खरी तारीख घाला.

आणि एक शब्द आधीच देऊन ठेवा: काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही. कुणी फोटोवरून धमकावतंय, पैसे मागतंय, तरी मुलं आठवडेच्या आठवडे गप्प राहतात. त्यांना त्या माणसाइतकीच आपलीही भीती असते, फोन जाईल याची. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर 1930 हा नंबर आहे, फोटोच्या धमकीची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे. पण तिथपर्यंत जायला आधी मुलानं तोंड उघडावं लागतं.

एक गोष्ट मात्र पालकांना आवडणार नाही. तुमच्या मुलाचं पहिलं अकाउंट इन्स्टाग्रामवरचं नव्हे, ते तुम्ही चालवत होतात. बारशाचा फोटो, बोरन्हाणातला रडका चेहरा, उघडंवाघडं अंघोळ घालतानाचा व्हिडिओ, मग स्कॉलरशिपचे मार्क, दहावीचा निकाल लागल्या लागल्या टक्क्यांसकट स्टेटस. पोरानं स्वतःचं नाव टाइप करायला शिकण्याआधीच त्याची ओळख तुम्ही लोकांपुढे मांडून ठेवली होती. त्याचा चुलतभाऊ 94 टक्क्यांचा आणि हा 71 चा, हे सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपला त्याच्या आधी कळलेलं असतं. मग तोच मुलगा ‘माझा फोटो नको टाकूस’ म्हणतो, तेव्हा आपल्याला तो उद्धट वाटतो.

तेव्हा एखाद्या रविवारी तुमचं फेसबुक उघडा आणि त्याला शेजारी बसवा. कुठले फोटो काढून टाकू, विचारा. तो नेमका तुमच्या लाडक्या फोटोवर बोट ठेवेल. ‘किती गोड आहे रे!’ म्हणून घासाघीस करू नका, काढून टाका. मावशीनं शेअर केलेला असेल तर तिलाही फोन करा. ती रुसेल, तिची समजूत तुम्हीच घाला.