जुन्या गाडीचे शॉकअप : खर्च नेमका कुठे करावा?

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांकडे जुनी गाडी असते. तिच्यातूनच माल जातो आणि तिच्यातूनच घरची माणसेही जातात. कापडाचे तागे पोहोचवण्यासाठी आम्हीही जुनी ओम्नी वापरतो. तिचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, तरी बाजारपेठांतून ती अजून दिसते. मध्यंतरी आमची गाडी खड्ड्यातून गेली की बराच वेळ हेलकावत राही. ओझ्यामुळे असे होत असावे, असे समजून आम्ही मागे एक जादा पाटा टाकून घेतला. पैसे गेले, हेलकावे राहिले. दोष शॉकअपचा होता. आमची ही चूक आपल्या हातून होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

शॉकअपचे काम काय?

गाडीचे ओझे स्प्रिंग किंवा पाटे पेलतात, शॉकअप नव्हे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही उसळी जिरवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या खालीवर होताना हे तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपाने निघून जातो. सील झिजून तेल गळाले की हा अटकाव संपतो. म्हणून लक्षात ठेवावे : गाडी खाली बसली असेल तर पाटे पाहावेत, झुलत असेल तर शॉकअप पाहावेत.

तपासणी कशी करावी?

१) सपाट जागी गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. झुलत राहिला तर शॉकअप गेला. मात्र मागचे पाटे कडक असल्याने तेथे ही परीक्षा फसू शकते.
२) शॉकअपच्या नळीवर ओघळलेले तेल आहे का, ते पाहावे.
३) टायरवरून तळहात फिरवावा. ठिकठिकाणी खोलगट झीज लागली तर शंका घ्यावी.
४) ब्रेक मारताच गाडीचे नाक फार खाली जाते का, याकडे लक्ष द्यावे. चाक रस्त्यावर नीट टेकत नसेल तर गाडी थांबायला अंतर जास्त लागते. येथे प्रश्न आरामाचा नसून जिवाचा आहे.

खर्च करताना

केवळ खडखड आवाज येतो म्हणून शॉकअप बदलू नयेत. पुष्कळदा एखादा स्वस्त रबरी बुशच गेलेला असतो. टायरमध्ये हवा जास्त असली तरीही गाडी आदळते. जुन्या शॉकअपमध्ये तेल भरून घेण्याचा मोह टाळावा. झिजलेले सील तेच राहिले तर तेल पुन्हा गळणारच. बदलायचेच ठरले तर एका आसाचे दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत. पुढचे उघडल्यावर वरचे माउंटिंगही तपासून घ्यावे, नाहीतर मजुरी दोनदा पडते. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी.

एक गोष्ट आणखी. गाडी विकायची झाल्यास हा ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगावा आणि मग भाव ठरवावा. डाग पडलेला तागा आपण घडीत लपवून विकत नाही. गाडीचा व्यवहारही तसाच आहे. चार पैसे कमी येतील, पण जे येतील ते हलाल असतील.