तेल बदलतांना इंजिन धुवावें कीं न धुवावें?

ट्रॅक्टर अथवा डिझेलचा पंप बाळगणाऱ्या शेतकऱ्यास इंजिनाचें तेल ठराविक तासांनीं बदलावें लागतें, हें आतां निराळें सांगण्याची जरूरी राहिलेली नाहीं. तथापि तेल बदलण्याच्या वेळीं एक प्रश्न हटकून निघतो. चेंबरचा नट काढून जुनें तेल सोडलें, थेंब पडावयाचे थांबले, तरी आंत थोडें तेल उरतेंच. तें घालविण्यासाठीं इंजिन आंतून धुवावें काय? कोणी मिस्त्री लिटरभर नवें तेल वरून ओतून खालून वाहूं देतो, कोणी त्यासाठीं डिझेल वापरतो, आणि याच कामासाठीं तयार द्रावणाची बाटलीही दुकानांत मिळते. तिन्ही रीतींस पैसा लागतो व एकींत तर प्रत्यक्ष इंजिनासच धोका आहे. सबब या प्रश्नाचा हिशेबानें विचार करणें योग्य होईल.

प्रथम हें उरलेलें तेल असतें कोठें तें पाहूं. थोडेंसें चेंबरच्या तळाशीं, नटाच्या भोकाच्या पातळीखालीं राहतें. परंतु पुष्कळसा भाग तेथें नसतोच. पंपांत, बेअरिंगांकडे तेल नेणाऱ्या बारीक नळ्यांत, जेथें तेल थंड करण्याची सोय असेल तेथें त्या कूलरमध्यें, आणि शिवाय आंतील प्रत्येक भागाच्या अंगास चिकटलेल्या थराच्या रूपानें तें राहतें. हें ध्यानांत घेतल्यास वरून लिटरभर तेल ओतण्याच्या रीतीचें मोल आपोआप ठरतें. इंजिन बंद असल्यामुळें ओतलेलें तेल नळ्यांत शिरत नाहीं. तें आपल्या वाटेनें खालीं उतरून नटाच्या भोकांतून बाहेर पडतें. वाटेंत तळाचें थोडें जुनें तेल त्याबरोबर जाईल, एवढेंच.

आतां हिशेब. समजा, इंजिनांत एकंदर आठ लिटर तेल मावतें व तेल सोडल्यावर अर्धा लिटर आंत राहतें, म्हणजे सोळावा हिस्सा. अडीचशें तासांत तेलांत जो मळ जमतो त्यास १०० भाग म्हणूं. तेल बदललें कीं त्यांतील सव्वासहा भाग मागें राहतात. पुढील अडीचशें तासांच्या अखेरीस नवे १०० व जुने सव्वासहा मिळून १०६.२५ होतात. त्यांचाही सोळावा हिस्सा मागें राहून तिसऱ्या खेपेस सुमारें १०६.६ होतात, आणि यापुढें आंकडा जवळजवळ वाढतच नाहीं. पन्नास वेळां तेल बदललें तरी तो १०७ पर्यंत पोंचणार नाहीं. ‘जुन्यांत जुनें सांचत सांचत शेवटीं सर्व तेल खराब होतें’ अशी जी भीति पुष्कळांस वाटते, तिला या गणितांत आधार नाहीं. विहिरीचा सोळावा हिस्सा गढूळ ठेवून दर खेपेस बाकीची विहीर स्वच्छ पाण्यानें भरली, तर ती दिवसेंदिवस अधिक गढूळ होत जात नाहीं, तसेंच हें आहे.

हे जादा सहासात भागही नकोत असें कोणास वाटलें, तर त्याचा उपाय धुण्यांत नाहीं, घड्याळांत आहे. तेल २५० तासांऐवजीं २३४ तासांनीं बदलावें. तितक्या तासांत मळच कमी जमतो, व मागील शिल्लक धरूनही एकंदर बरोबर १०० भागांच्या आसपास राहतो. म्हणजे इंजिन पूर्णपणें धुण्याचा जो फायदा, तो तेल सोळा तास अगोदर बदलल्यानें मिळतो. आठ तासांच्या दिवसानें हे दोन दिवस झाले.

दुसरा आंकडा याहून बोलका आहे. चांगलें धुवावयाचें तर आठ लिटर नवें तेल भरावें, इंजिन चालवावें, तें सर्व सोडून द्यावें व पुन्हां आठ लिटर भरावें. असें केल्यानें शिल्लक मळ खरोखर अर्ध्या भागाहूनही कमी उरतो. पण तेल लागतें सोळा लिटर, आणि २५० तासांच्या अखेरीस मळ पुन्हां १०० वर येतोच. तेच सोळा लिटर दोन वेळां वांटून दर १२५ तासांनीं तेल बदललें, तर मळ कधींही ५४ च्या वर जात नाहीं. एवढेंच तेल, एवढाच खर्च, आणि मळ निम्मा. ज्यास इंजिनावर अधिक तेल खर्चावयाचें आहे त्यानें तें कसें खर्चावें, हें यावरून स्पष्ट दिसेल.

मग नवें तेल भरल्यावर थोड्याच वेळांत काळें कां पडतें? शंकेचें मूळ येथेंच आहे. पट्टी ओढून पाहावी तों काळी. मालकाची खात्री होते कीं मिस्त्रीनें जुनें तेल नीट काढलें नाहीं. वास्तविक डिझेलच्या ज्वलनांतून निघणारी काजळी इतकी सूक्ष्म असते कीं ती फिल्टरमधूनही निसटते, आणि तिचा अल्पसा अंशही सर्व तेलास रंग देतो. दौतींतील दोन थेंब शाई घागरभर पाणी रंगविते, परंतु त्या पाण्याची शाई होत नाहीं. त्यांतून हल्लींचें तेल मळ धरून ठेवण्यासाठींच बनविलेलें असतें. अमेरिकेंत १९३१ सालीं कॅटरपिलर कंपनीनें डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर विकण्यास काढला, तेव्हां त्या काळच्या साध्या तेलानें पिस्टनच्या रिंगा खांचांत चिकटून बसत. त्या अडचणींतून १९३५ च्या सुमारास धुणारीं द्रव्यें मिसळलेलीं तेलें निघालीं. साध्या तेलांत काजळी तळाशीं बसे व भागांवर चिकटून वाळे. या नव्या तेलांत ती तरंगत राहते व तेल सोडतांना तेलाबरोबर बाहेर जाते. जुन्या यंत्रपुस्तकांत पातळ तेलानें चेंबर धुण्याची सूचना असे ती साध्या तेलाच्या काळीं योग्यच होती. तेल बदललें, पण ती संवय मागें राहिली.

शेतकऱ्याच्या मनांत धुण्याविषयीं जो आग्रह असतो त्यास आणखी एक कारण आम्हांस दिसतें. फवारणीच्या पंपांत टू-फोर-डी या तणनाशकाचा किंचित् अंश राहिला आणि तोच पंप कपाशीवर चालविला, तर पानें वेडींवांकडीं होऊन पीक हातचें जातें. तेथें पंप पुन्हां पुन्हां धुणें अत्यावश्यक आहे, कारण तेथें अंशमात्र विषही घातक असतें. इंजिनांतील उरलेलें तेल विष नव्हे. पांच मिनिटांपूर्वीं तेंच तेल इंजिन चालवीत होतें.

आतां डिझेलनें अगर रॉकेलनें धुण्याविषयीं. ही रीत आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. कारण उघड आहे: ज्या खांचाकोपऱ्यांत अर्धा लिटर तेल अडकून राहतें, त्याच ठिकाणीं आतां डिझेल अडकून राहणार. तेलांत शेंकडा पांच डिझेल आढळलें तर तपासनीस तें तेल बदलण्यायोग्य ठरवितात. आपण तर नव्या तेलास पहिल्याच दिवशीं त्या स्थितीस आणतों. शिवाय डिझेल भरून इंजिन चालविलें, तर बेअरिंग व क्रँक यांमध्यें जो तेलाचा पडदा असावयाचा तोच पातळ होतो. तयार द्रावण याहून सौम्य असतें, परंतु त्याचाही कांहीं अंश मागें राहतोच. ज्या इंजिनाची वर्षानुवर्षें हेळसांड झाली आहे त्यांत आणखी एक भय आहे. वाळून चिकटलेला गाळ एकदम सुटून पंपाच्या तोंडाशीं असलेल्या जाळीवर बसला, तर तेलाचा दाब पडून बेअरिंगें जळतात. असें इंजिन विकत घेतलें असेल तर चांगलें तेल व नवा फिल्टर घालून तें पन्नास तासांनीं बदलावें, पुन्हां पन्नास तासांनीं बदलावें. तेलांतील द्रव्यें गाळ हळूहळू सोडवितात. पट्टीवरील थेंब टीपकागदावर टाकून दुसऱ्या दिवशीं पाहावा: डाग सारखा पसरत गेला असेल तर तेलांत अद्याप मळ धरण्याची शक्ति आहे, मध्यें काळाकुट्ट ठिपका व त्याची कड तुटक दिसली तर ती शक्ति संपली असें समजावें.

तथापि धुण्याचे प्रसंग मुळींच नाहींत असें नाहीं. खेड्यापाड्यांतून अजूनही विहिरीवर चालणारीं जुन्या धाटणीचीं मंदगति इंजिनें आहेत. त्यांपैकीं ज्यांस तेलाचा फिल्टर नाहीं, त्यांतील गाळ तळाशींच बसतो. त्यांचें बाजूचें झांकण निघतें. तें काढून तळ स्वच्छ कापडानें पुसून घ्यावा. कापडाचे धागे सुटतील असें फडकें किंवा सूत मात्र घेऊं नये.

दुसरा प्रसंग पाण्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी शेतांत व वस्तींत शिरलें. इंजिन असें पाण्याखालीं गेलें असतां चालू करण्याची घाई हीच मोठी हानि करते. सिलिंडरमध्यें पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं व कनेक्टिंग रॉड वांकतो. स्टार्टरला हात न लावतां मिस्त्रीकडून इंजेक्टर काढवून इंजिन हातानें फिरवून पाणी बाहेर काढावें; डिझेलची टांकी, नळ्या व हवेचा फिल्टर साफ करवावा; तेल सोडून फिल्टर बदलावा. मग योग्य प्रतीचें नवें तेल भरून, भार न घालतां दहापंधरा मिनिटें चालवून तें गरम असतांनाच सोडून द्यावें. सुटलेलें तेल ताकासारखें पांढुरकें दिसेल तोंवर हा क्रम पुन्हां करावा. येथें हिशेब निराळा आहे: पाणी मिसळलेलें तेल बेअरिंगांस आधार देत नाहीं व आंतून गंज चढतो, सबब सोळावा हिस्साही सोडतां कामा नये. रेडिएटरचें पाणी तेलांत उतरलें असल्यासही असेंच करावें, परंतु आधीं गॅस्केट अथवा लायनरची गळती बंद करावी; नाहींतर चार दिवसांनीं पुन्हां तेंच. पट्टीवरील पातळी आपोआप वाढूं लागली व तेलास डिझेलचा वास येऊं लागला, तर दोष इंजेक्टरांत किंवा डिझेलच्या पंपांत शोधावा.

कोंकणांत व गोव्यांत भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागील धुऱ्यांतून गिअरच्या तेलांत पाणी शिरण्याचा संभव असतो. हंगाम संपतांच तेंही पाहावें. तेथील तेल पांढुरकें झालें असल्यास एकदां भरून, फिरवून, सोडणें अवश्य आहे.

एरवीं, धुण्यापेक्षां तेल नीट सोडण्याकडे लक्ष द्यावें. इंजिन दहापंधरा मिनिटें चालवून तेल गरम करावें, कारण थंड तेल घट्ट असतें व मळ मागें ठेवतें. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून चाकांस अडण लावावी, वरचें झांकण उघडावें, हात भाजणार नाहीं अशा बेतानें नट काढावा आणि निदान वीस मिनिटें थांबावें. पुष्कळ ठिकाणीं धार तुटतांच नट लावला जातो, आणि मग धुण्याचा खटाटोप सुरू होतो! फिल्टर दर खेपेस नवा घालावा. जुन्या फिल्टरच्या पोटांत बरेंच तेल असतें व तें चेंबर रिकामा करून जात नाहीं. नव्याच्या रबरी कड्यास तेलाचें बोट लावून तो हातानेंच आवळावा. इंजिन चालू केल्यावर दाबाचा दिवा विझेपर्यंत वेग वाढवूं नये. नंतर बंद करून थोड्या वेळानें पट्टी पाहावी. पुस्तिकेंत दिलेलें तेलाचें माप बहुधा बदलतांना लागणारें असतें, कोरड्या इंजिनाचें नसतें. म्हणून ओतण्याचें माप डब्यावरून न ठरवितां पट्टीवरून ठरवावें.

काढलेलें जुनें तेल झांकणाच्या डब्यांत भरून, तें शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाकडे पोंचेल अशा रीतीनें द्यावें. विहिरीजवळ अगर पाटांत तें ओतूं नये, व त्यानें हातही माखूं देऊं नयेत, कारण वारंवार लागल्यास कातडीस तें अपायकारक असतें. वाळवी लागूं नये म्हणून लांकडास जुनें तेल लावण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. निदान गोठ्याच्या मेढी व गव्हाण यांस तें लावूं नये, जनावरें त्या चाटतात.